एकाच उजेडात

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. वैशाखातली दुपार आहे. तुम्ही रखरखीत उन्हातून आलात आणि एका बिनखिडकीच्या खोलीत शिरलात. आधी काहीच दिसत नाही. घाई करू नका. जरा वेळानं कोपऱ्यातला माठ दिसेल, मग दोरीवरचं लुगडं, मग आणखी काही. ते सगळं आधीपासून तिथंच होतं. तुमच्या डोळ्यांना थोडा वेळ हवा होता, इतकंच.

कॅमेऱ्याचंही तसंच असतं.

१९६१ साली वणीत माझा फोटो स्टुडिओ होता. लाकडी पेटीचा कॅमेरा, आत काचेची प्लेट, भिंगावर पितळी झाकण. झाकण काढायचं, मनात आकडे मोजायचे, पुन्हा लावायचं. उन्हात काढलं न काढलं तोच लावायचं, सावलीत थांबायचं. सगळी विद्या त्या थांबण्यात.

राजूरच्या चुनाभट्टीवर काम करणारा धर्मपाल एक दिवस दुकानात आला. त्याची मुलगी कौसा शिकायला नागपूरच्या वसतिगृहात जाणार होती. त्याआधी घरासमोर तिचा फोटो हवा होता. बायकोचा, सत्यभामेचा, काढायचा राहून गेला होता. मागच्या उन्हाळ्यात ती तापानं गेली.

"लेकीचा तरी असू द्या घरात," तो म्हणाला.

सायकलला कॅमेरा बांधून मी राजूरला गेलो. पाहतो तर घराची दर्शनी भिंत नुकतीच चुन्यानं रंगवलेली. डोळे उघडवत नव्हते.

"तुमच्यासाठीच चुना मारला, जहीरभाई. फोटो कसा फकफकीत आला पाहिजे!"

"अरे बाबा, भिंतीचा फोटो काढू का पोरीचा?"

कौसा खुदकन हसली. दहाएक वर्षांची, दोन वेण्या, लाल रिबिनी. तिला मी दाराशेजारी ओट्यावर बसवलं. एक प्लेट भिंतीच्या उजेडाला धरून घेतली. त्या पांढऱ्यापुढं पोरीचा चेहरा काळवंडेल म्हणून दुसरी घेताना झाकण जास्त वेळ उघडं ठेवलं. घराचं दार उघडंच होतं. आत काळोख.

रात्री प्लेटा धुतल्या, कागदावर फोटो छापले. पहिलीत कौसा नीट होती आणि दार कोळशासारखं काळं. दुसरीत भिंत जळून नुसती पांढरी झाली होती, पण दाराचा काळोख थोडा उघडला होता. त्यात, जमिनीलगत, दोन हात होते. बसलेल्या माणसानं गुडघ्यांवर ठेवावेत तसे. प्रत्येक बोटाला चिंधी बांधलेली.

पेटीत कुठून तरी उजेड शिरला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पेटी तपासली. फट नव्हती.

पहिला फोटो द्यायला गेलो तेव्हा दुसरा पिशवीतच ठेवला होता. पण कौसानं पिशवीत डोकावून तो काढला. धर्मपाल चहाचं आधण ठेवत होता.

"मायचे हात," ती म्हणाली. भ्यालेली नव्हती. "भट्टीच्या चुन्यानं बोटं फाटत होते तिचे. उजव्या हाताच्या चिंध्या तिले बांधता येत नव्हत्या. मीच बांधून देत होती रोज."

मी फोटो पुन्हा उजेडाकडं धरून पाहिला.

"चाचा, बाकीची काहून नाही आली?"

मुलानं विचारलं की मला उत्तर द्यायची सवय. "अंधारात असलेल्याला जास्त वेळ द्यावा लागते, बेटा."

"मंग द्या ना."

धर्मपालला मी सांगितलं, एक प्लेट बिघडली, पुन्हा काढतो. या वेळी झाकण काढून खूप थांबलो.

वणीला येऊन प्लेट धुतली, फोटो छापला. दारात गुडघे होते, पदर होता, मानेपर्यंत सगळं होतं. हनुवटीची कड होती. आणि ओट्यावर कौसा जवळजवळ नव्हतीच. उन्हानं तिला खाऊन टाकलं होतं. दोन रिबिनी तेवढ्या उरल्या होत्या.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा कौसाची नागपूरला न्यायची पेटी बांधून झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. होती.

फोटो तिनं पुष्कळ वेळ पाहिला.

"माय दिसून राह्यली, तं मी काहून मिटून राह्यली?"

"ती सावलीत आहे, तू उन्हात. तिच्यासाठी थांबलो तर तू जळतेस. तुझ्यापुरतं थांबलो तर ती दिसत नाही."

"आमचा दोघींचा नाहीच येत?"

"एका फोटोत दोघी यायच्या असतील," मी शिकवतो तसं सांगितलं, "तर दोघींनी एकाच उजेडात बसावं लागते."

तिनं मान डोलावली. हुशार पोर. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नसे.

"अजून एक कायले, जहीरभाई?" धर्मपाल मागून म्हणाला. मी कॅमेरा उभा करू लागलो.

ती ओट्यावर बसली. मी काळ्या कापडाखाली गेलो. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर घर उलटं दिसत होतं. पुष्कळ वेळ मी तसाच वाकून राहिलो. मग प्लेट घातली, डोक्यावरचं कापड तसंच ठेवून हात पुढं केला आणि झाकण काढलं.

मोजायला लागलो.

कौसा उठली.

"हालू नको, कौसे!" धर्मपाल ओरडला.

तिनं उंबऱ्यापाशी चपला काढल्या. आत गेली. भिंतीला टेकून बसली, शेजारी एका माणसाची जागा ठेवून.

माझे डोळे कापडाखालच्या अंधाराला सरावले होते. कापडाच्या कडेखालून मला घराच्या आतलं दिसत होतं. माठ. दोरी. कौसा.

तिनं वेणीची रिबीन सोडली. दातांनी फाडून तिची बारीक पट्टी केली. मग शेजारच्या रिकाम्या जागेकडं वळली आणि पट्टी गुंडाळू लागली, वेढ्यावर वेढा, बोटाला बांधावी तशी.

तिची स्वतःची दहाही बोटं मला दिसत होती. गाठ मारून तिनं हात काढून घेतले, आणि पट्टी तिथंच हवेत राहिली.

मग तिनं दुसरी रिबीन सोडली.