दिवळीतलं तेल

भरत, त्यो कंदील जरा बारीक कर. रॉकेल काय आभाळातून पडतंय व्हय? लाईट यायला अजून लई येळ हाय, आन् मी सांगणार हाय त्याला एवढा उजेड लागत न्हाई.

भुताची गोष्ट सांगा, सांगा म्हणून डोकं खाताय कवापासून. ही गोष्ट न्हाई. हे आपल्या पलीकडच्या घरातल्या हौशीरामवर गुदरलेलं हाय. त्यानं सोता मला सांगितलं, आन् सांगून होईस्तवर माझं मनगट सोडलं न्हाई. हसायचं आसंल तर आत्ताच हसून घ्या.

साल दोन हजार तीन. वैशाखातली अवस, तीबी शनवारी आलेली. तिकडं मंचरला डिंभ्याच्या कालव्याचं पाणी खळाळत व्हतं, आन् इकडं घाट चढून आपल्या पठारावर आलं की चिमणीला चोच बुडवायला थेंब न्हाई. टँकर येतो येतो म्हणायचा आन् यायचा न्हाई. गावाचा जीव सगळा पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत. पायऱ्या अर्ध्यापर्यंत, मंग दगडी टप्पा. टप्प्यावर डिझेल इंजिन आन् पंप. टप्प्याच्या खाली नुसता कडा, कातळात पाय ठिवायला खाचा पाडलेल्या, आन् पार तळाला डबकं. त्या इंजिनाचा मालक न्हाई, पण राखणदार म्हणा, आपला हौशीराम.

आन् नेमकं त्या शनवारी डिझेल संपलं.

घरात त्याची संस्कृती, वर्साची बी न्हवती, हगवणीनं पार सुकून गेलेली. आळे गावचा डाक्टर म्हणला, मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजत ऱ्हावा, पोरगी लघवी करतीय का बघा. न्हाई केली तर सकाळी उचलून आणा. आता पाजा म्हणणं सोपं हाय. पाणी कुठंय? आख्ख्या आळीत हंड्यांची बुडं वाजत व्हती. दुपारपासून पोरीचं दुपटं कोरडं ते कोरडंच.

हौशीरामनं सायकलला रिकामा कॅन बांधला तशी त्याची आई, बयाबाई, आडवी आली.

"लेका, शनवारचं तेल आणू नये. त्यात अवस हाय."

"आये, डिझेल हाय ते. भजी तळायची न्हाईत मला."

"तेल ते तेल," म्हातारी म्हणली. पण नातीकडं बघितलं आन् बाजूला झाली.

आळेफाट्याला डिझेल मिळालं. एका हाटेलवाल्याच्या हातापाया पडून हौशीरामनं पाण्याचाबी एक कॅन भरून घेतला. मागं कॅरेजला डिझेल, पुढं हँडलला पाणी, खिशात बॅटरी. म्हणला, पोरगी वाचली. घाटाच्या पायथ्याला दिवस बुडाला, तरी गडी गुणगुणत व्हता.

चढ लागल्यावर उतरला आन् सायकल ढकलाय लागला. अवसेचा अंधार, डोळ्यात बोट घातलं तरी दिसायचं न्हाई. घाट संपला तसा परत टांग मारली. बॅटरी तोंडात धरलेली. वारं पडलेलं... कुठं कुत्रंबी न्हाई.

वळणावर बाई उभी.

रस्त्याच्या पार मधी. कमरेला घागर. हौशीरामनं ब्रेक दाबला, सायकल घसरली. पडता पडता माणसाला इचार कराया येळ नसतो, पोरांनो. हात जातो तिकडं जातो. हौशीरामचा हात मागं गेला. डिझेलचा कॅन त्यानं लेकरासारखा पोटाशी धरला. पाण्याचा कॅन दगडावर आपटून फुटला. बॅटरी गेली खड्ड्यात, पण पेटलेलीच राहिली.

पाणी मातीत मुरताना ऐकू येत व्हतं. चुर्र... चुर्र...

"भाऊ," बाई म्हणली, "दिव्यापुरतं तेल दे जरा. पायरी दिसत न्हाई."

हौशीराम रडकुंडीला आलेला. "बाई, वाटंत का मरतीस! पाणी सांडलं माझं! ह्या डिझेलवर माझ्या पोरीचा जीव हाय. थेंब देणार न्हाई!"

"मलाबी पाणीच न्यायचंय. लेकरू रडतंय."

तिनं घागर ह्या कमरेवरनं त्या कमरेवर घेतली. बांगड्या वाजल्या न्हाईत. एवढ्या जवळनं मनगटावरचं गोंदण दिसलं त्याला. तुळशीचं रोप, एक फांदी मोडल्यासारखी.

ते गोंदण हौशीरामच्या वळखीचं व्हतं.

आता इथं जरा मागं जावं लागतंय. जानकूची बायकू बायडाबाई आमच्याच आळीतली. विहिरीत साती आसरांची दिवळी हाय बघा, टप्प्याला लागून भितीत कोरलेली. पाण्याच्या मावल्या त्या. रोज तिन्हीसांजेला तिथं दिवा लागायचा, एकेका घराची पाळी असायची. दिव्याशेजारी तेलाची बुधली. आसरांचा मानबी राहायचा आन् अडीनडीला खाली उतरणाऱ्याला खाचा दिसायच्या. त्या सालच्या चैतात इंजिनाचं बेअरिंग कोरडं पडून किंचाळाय लागलं. वंगण न्हाई. हौशीरामनं दिवळीतली बुधली उचलली आन् सगळं तेल बेअरिंगात ओतलं. दिव्यातलंसुदिक निथळून घेतलं. म्हणला, आसरांना काय अंधारात दिसत न्हाई व्हय? उद्या ठिवू दुसरं.

त्याच रात्री बायडाबाई घागर घिऊन गेली. लेकरू तापानं पाणी पाणी करत व्हतं. दिवा आसंलच, ह्या हिशेबानं टप्प्यावर गेली, चाचपडत खाचंत पाय टाकला... सकाळी दोर लावून तिला वर कुणी काढली? हौशीरामनंच. ते मनगट त्याच्याच हातात व्हतं. घागर काय सापडली न्हाई. जानकू लेकराला घिऊन मंचरला गेला त्यो गेलाच. पंचायतीनं खाली उतरायला बंदी घातली, तशी दिव्याची पाळीबी मोडली. आन् तेलाचं हौशीराम कुणाला बोलला न्हाई. दिवळीत परत दिवाबी लावला न्हाई. तिकडं बघायची भीती वाटायची त्याला.

तर ते गोंदण बघितलं आन् हौशीराम सायकल तिथंच टाकून पळाला. कॅन छातीशी. मागं पावलं न्हाईत, आवाज न्हाई. फकस्त दर वळणाला, पुढनं... "भाऊ... दिव्यापुरतं..."

घरी आला तर इंद्रायणी, त्याची बायकू, पाळण्याशी बसलेली. पोरगी रडत न्हवती. रडायचं तिचं संपलं व्हतं.

"पाणी आणलं?"

हौशीरामनं मान हलवली. "घरात किती हाय?"

"एक तांब्या. ह्येच शेवटचं."

"दे."

"अवं, का?"

"पंपात भरल्याबिगर पंप पाणी उचलीत न्हाई, इंदे. तुला ठावं हाय. हे वतलं की हौद भरंल."

"आन् न्हाई भरला तर?"

इंद्रायणीनं चमचाभर पाणी काढून पोरीच्या जिभेवर सोडलं, आन् तांब्या नवऱ्याच्या हातात दिला. देताना तिची बोटं सुटंनात. त्यानं एकेक बोट सोडवलं. सांगताना हिथं रडला हौशीराम, लहान पोरावानी.

विहिरीच्या हौदाशी गावानं हंडे नंबराला लावून ठिवलेले. माणूस एक न्हाई, नुसते हंडे. त्यो चाचपडत टप्प्यावर उतरला. डिझेल टाकलं. तांब्या पंपात वतला. हँडल मारलं. इंजिन धडधडलं... आन् पंप कोरडाच घुमाय लागला. खाली पायपाच्या बुडाचा व्हॉल्व गळत व्हता. पोरीच्या तोंडचं पाणी सगळं खाली निघून गेलं.

त्यानं इंजिन बंद केलं.

मंग ऐकू आलं. खाली डबक्यात, थेंब... थेंब...

त्यो टप्प्यावर बसला आन् कपाळ दगडावर आपटून घेतलं. "देवा, माझं काय ते मला दे, पोरीला नगं." पण रडून पाणी येत न्हाई. पाणी खाली हाय, खाली उतरायला खाचा हायत, आन् खाचा दिसायच्या तर...

दिवा लावाय पाहिजे.

दिवळी हाताला लागली. पणती कोरडी. त्यानं धोतराचा सोगा फाडून वात वळली. कॅनमधलं डिझेल पणतीत वतलं, बुधलीतबी काठोकाठ वतलं. काड्या एकामागनं एक मोडाय लागल्या. शेवटी एक पेटली.

"वैनी," त्यो म्हणला, "तेल मी घेतलं व्हतं. मीच."

वात धरली. काळा धूर, पिवळी ज्योत. पयली खाच दिसली. दुसरी दिसली. त्यानं पाय खाली सोडला...

कोण तरी त्याच्या शेजारनं गेलं.

गार वारं लागावं तसं. दिसलं काय न्हाई. खाचंवर घागरीचा आवाज. टण्... मंग खालच्या खाचंवर. टण्... मंग अजून खाली.

हौशीरामनं पाय वर घेतला.

तळातनं आवाज आला. बुड्... बुड्... बुड्... घागर भरतीय.

मंग चिडीचूप.

मंग वर यायला लागलं. आता घागर वाजत न्हवती. भरलेली घागर वाजत न्हाई. पाय वाजत व्हते. वलं पाऊल. अजून एक. टप्प्याच्या दगडावर, हौशीरामच्या डोळ्यादेखत, वल्या पावलाचा ठसा उमटला. मंग दुसरा, त्याच्या मांडीशी. त्यानं मांडी जवळ वढून घेतली... पावलं पायऱ्यांकडं गेली. वर. विहिरीच्या भाईर. गावाकडं.

जानकूच्या घराला तर कुलूप. गावात त्या रात्री आजारी लेकरू एकच.

हौशीराम पळाला म्हंजी कसा पळाला! रस्ता कोरडा ठाक, धुराळा, आन् काडी वढून बघावं तर त्या धुराळ्यात मधी वली पावलं. जानकूच्या दाराशी थांबलेली. मंग वळून थेट ह्याच्या उंबऱ्यात.

घरात चिमणी मिणमिणती. इंद्रायणी पाळण्याला टेकून रडत व्हती. हौशीरामनं दारातनंच इचारलं.

"गेली?"

"अवं, न्हाई!" ती हसाय लागली, रडता रडता. "दुपटं वलं केलं तिनं! हात लावून बघा, वलं हाय! तुमी पाठवलेल्या बाईनं पाजलं. घटाघटा प्याली पोरगी."

"कोण बाई?"

"कोणास ठावं. पदर तोंडावर व्हता. म्हणली, हौशीभाऊनं दिवा लावला, आता दिसतंय मला."

"कवा गेली ती?"

इंद्रायणीनं इकडं-तिकडं बघितलं. "आत्ता तर हितं व्हती... मी दाराकडं तोंड करून बसलीय तवापासून. माझ्या म्होरनं तर कुणी गेलं न्हाई."

पोरगी वाचली. तीच ही संस्कृती, चिंचा चोरती तुमच्यासंगं. दोन दिवसांनी टँकर आला, मंग पाऊस आला. दिवळीतला दिवा त्या दिवसापासून एकदाबी चुकला न्हाई. हौशीराम सोता डिझेल घालून लावतो, कुणाला पाळी घिऊ देत न्हाई.

आता तुमी म्हणाल, तात्या, येडं झालं आसंल ते, पोरीच्या काळजीनं. मीबी तेच म्हणलं त्याला. तवा त्यानं मला घरात नेलं आन् पाळणा टांगला व्हता ती जागा दावली. शेणानं सारवलेल्या भुईवर दोन पावलं, बाईची, वली. उंबऱ्याकडनं आत आलेली. भाईर जाणारी न्हाईत.

पुढल्या वैशाखातबी वाळली न्हाईत. मी म्हणलं, भुईला वल आसंल. त्यानं भुई उकरून मुरूम भरला. परत उमटली. गेल्या साली घरकुलाचं काम झालं, शिमिटाचा कोबा केला, वर फरशी बसवली. परवा मला म्हणला, धर्माजी, चल बघाय.

मी काल गेलतो. आख्खी फरशी कोरडी. पाळणा कवाच काढलाय, आता तिथं पोरगी हातरूण टाकून झोपती.

तिच्या उशाशी दोन पावलं वली व्हती. मी बोट लावून हुंगलं.

डिझेलचा वास.