सरकीचे तीन दाणे

बातमी आली त्या सकाळी नासीर पिंजारी धरणगावातल्या दुकानात नेहमीसारखा गादी भरत होता. फोन पोराला बोटीवर कामाला लावणाऱ्या एजंटचा होता. कॅस्पियन समुद्रात बोट बुडाली. थोरला हसीब सापडला नाही, शोध थांबवला.

"मौलानांना सांगा," त्याची बायको साबेरा म्हणाली. "मय्यत नाही तर नाही, गायबाना जनाज्याची नमाज तरी होऊ द्या माझ्या पोराची."

"सांगतो," नासीर म्हणाला. सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी भर दुपारी कॉलेजचे जितेंद्र सर संग्रहालयातलं सीलचं पिल्लू घेऊन आले. दीड हात लांब, आत कापूस भरलेला, पोटाची शिवण उसवलेली. घरातलं त्यांना ठाऊक नव्हतं.

"गादीच समजा नासीरभाऊ, फक्त मिशावाली!"

"कुठला हा?"

"कॅस्पियनचा."

नासीरच्या हातातलं दाभण थांबलं. सर सांगत राहिले. त्या समुद्राला बाहेर वाट नाही. फार पूर्वी हे सील आत कोंडले गेले, पिढ्यान्‌पिढ्या अंगाने लहान होत गेले, जगात दुसरीकडे नाही अशी जात झाली. "आता पाणी मागे हटतंय, बर्फ धरत नाही. पिल्लं जन्मायची बर्फावर. जन्मणार कुठे? मोठे हजारोंनी मरून किनाऱ्याला लागतात."

"किनाऱ्याला… लागतात?"

"लागतात ना."

सर गेले. मेच्या उन्हात पत्रे तडतडत होते. नासीरने जुना कापूस ओढला. तो ओला होता, गार. बोट जिभेला लावलं, खारट. पोट जेमतेम वीतभर जाड, पण हात कोपरापर्यंत गेला… मग खांद्यापर्यंत. बोटांना सरकी लागली. तीन दाणे.

गिऱ्हाइकाच्या गादीत सरकी निघाली तर शिव्या बसतात. घरच्यांच्या उशीत मात्र नासीर मुद्दाम तीन दाणे ठेवायचा, आपली खूण म्हणून. हसीब उशी घेऊनच गेला होता.

त्याने सरांना फोन लावला. "हा भरला कधी होता?"

"पाटीवर बासष्ट साल आहे. का हो?"

"काही नाही."

मागे साबेरा उभी होती. "मौलानांकडे जाताय ना?"

"इकडे ये… हात घालून बघ."

तिने हात घातला. बराच वेळ काढला नाही. मग ओला तळवा नाकाशी धरून ती घरात गेली.

सर दोनदा येऊन गेले. नवा कापूस पिंजून ठेवला आहे, दाभणात दोरा ओवलेला आहे; पिल्लाची शिवण उघडीच आहे. मौलानांना अजून कोणी सांगितलेलं नाही.