वाक्य संपेपर्यंत

मंदाकिनीबाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पुष्कळ दिवस दिलं नव्हतं. पाकीट उशाजवळच्या पुस्तकांवर पडून असायचं, आणि दिवा मालवण्याआधी मी ते पुन्हा एकदा वाचायचो.

पत्र लहान होतं. 'नरहरजी, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मला कामावर ठेवायचं की काढायचं, हे शेखरबाबू सोमवारी सगळ्यांसमोर ठरवणार आहेत. तुम्ही माझ्या बाजूने बोलाल का? आणि दुसरं... तेलीबांध्याच्या तळ्याला एकटीने चक्कर मारायचा मला कंटाळा आला आहे. तुम्ही सोबत याल का? एक दिवस नाही, रोज. घाई नाही. पण उत्तर लेखी द्या.'

'रोज'खाली त्यांनी रेघ ओढली होती. या वयात एखाद्या रेघेने माझ्या छातीत धडधडावं, हे काही शोभणारं नव्हतं. पण धडधडायचं.

लेखी अशासाठी, की मी बोलताना अडखळतो. लहानपणापासून. शब्द ओठांपर्यंत येतो आणि तिथेच बसून राहतो. मग समोरचा माणूस घाईने तो माझ्याऐवजी पूर्ण करतो, बहुतेक वेळा चुकीचा, आणि मी मान डोलावतो. माझ्या घरातल्या कितीतरी नको असलेल्या वस्तू अशाच आल्या आहेत.

त्या पहिल्यांदा दिसल्या त्या संध्याकाळीही हेच चाललं होतं. आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या सदर बाजारातलं जनरल स्टोअर, बाहेर स्कूटरींचा गोंगाट, आणि मला हवे होते लिफाफे.

"लि... लि..." मी म्हणालो.

"लिपस्टिक?" दुकानदार म्हणाला. "कौनसा शेड, चाचा?"

मागे उभी असलेली गिऱ्हाइकं हसली. मी मान डोलावणार, एवढ्यात शेजारून आवाज आला.

"भैया, रुकिए. उनको बोलने दीजिए."

करड्या केसांचा अंबाडा, हातात पिशवी, नाकावर घसरलेला चष्मा. त्या माझ्याकडे पाहत थांबल्या. त्यांच्या पाहण्यात दया नव्हती, घाईही नव्हती. बसची वाट पाहावी तशा, सहज उभ्या होत्या. ती बस येणार, याची जणू त्यांना खात्री होती.

"...लिफाफा," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर मी आभार मानायला तोंड उघडलं. तोही शब्द अडला. त्या थांबल्या. तो पुरा झाल्यावरच म्हणाल्या, "पण तुम्ही लिपस्टिक घेतली असती, तर कोणाले दिली असती?"

मी कानापर्यंत लाल झालो. त्या हसत तात्यापाऱ्याच्या चौकाकडे निघून गेल्या. मी बराच वेळ लिफाफे हातात धरून उभा होतो.

पुढच्याच महिन्यात त्या आमच्या ऑफिसात हिशेब पाहायला आल्या. त्यांचे यजमान रेल्वेत होते. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून तेलीबांध्याच्या एका लहानशा प्रकाशनात मुद्रितं तपासतो.

"लिपस्टिकवाले," त्या मला पाहून हळूच म्हणाल्या. बाकी कोणाला ऐकू गेलं नाही. तेवढं त्या जपत.

आमच्याकडे दुपारच्या चहाला एक रिवाज होता. मॅनेजर यशदीप नकला करायचा. हुशार पोरगा, आवाज काढण्यात पटाईत. रोज कोणा एकाचा नंबर लागायचा आणि बाकीचे हसायचे, कारण जो हसणार नाही त्याचा नंबर उद्या. माझा नंबर वरचेवर लागे. माझ्यावरच्या नकलेला सर्वांत आधी मीच हसायचो.

त्या दिवशीही यशदीपने कप उंच धरून "च... च... चाय..." केलं. आम्ही हसलो. मंदाकिनीबाईंनी बशी खाली ठेवली.

"यशदीपजी, मले समजलं नाही. परत करून दाखवा ना."

त्याने परत केलं. या वेळी हसू जरा कमी आलं.

"म्हणजे ते अडखळतात. बस, एवढंच? यात हसण्यासारखं काय आहे?"

"मॅडम, मज़ाक है. इससे माहौल हल्का रहता है."

"ज्याच्यावर केला तो हसला, तर मजाक. मी नरहरजींकडे पाहून राहिली होती. ते हसत नव्हते. नुसते दात दाखवून राहिले होते."

माझ्याविषयी इतकं खरं आजवर कोणी बोललं नव्हतं, आणि ते ऐकताना मला लाज वाटली नाही. हे कसं झालं, मला अजून सांगता येत नाही.

त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. त्यांचं टेबल संडासाच्या दाराशी गेलं. मीटिंगची वेळ सगळ्यांना कळे, त्यांनाच नाही. 'प्रिन्सिपल मॅडम' हे नाव पडलं. त्या रोज नीट इस्त्रीची साडी नेसून येत, दाराशी बसत, आणि झाडणाऱ्या शेवंताबाईंना 'शेवंताबाई' अशीच हाक मारत. यशदीप त्यांना "ए झाडू" म्हणायचा. मी हे सगळं मुद्रितांच्या आडून पाहायचो. एवढं धैर्य मी पुस्तकांत वाचलं होतं, समोरच्या टेबलाशी पाहिलं नव्हतं.

शेवटी यशदीपने मालकांना, शेखरबाबूंना, कळवलं, की या बाईंचं कोणाशीच जमत नाही. मग सोमवार ठरला, आणि शुक्रवारी माझ्या मुद्रितांच्या गठ्ठ्यात ते पत्र आलं.

मी उत्तर लिहायला घेतलं नाही, असं नाही. चार ओळी लिहायचो आणि फाडायचो. मला वाटलं, पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, तर दुसऱ्याला हात लावायचा मला अधिकार काय?

सोमवारी शेखरबाबूंनी विचारलं, "कोणाला काही सांगायचं आहे?"

सगळे टेबलाकडे पाहत होते. मंदाकिनीबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. मुद्दाम. माझ्याकडे पाहिलं तर मला संकोच वाटेल, म्हणून.

मी उभा राहिलो. "यां... यांचं..."

"यांचं जमत नाही, असंच ना?" शेखरबाबू म्हणाले.

पन्नास वर्षांची सवय... माझी मान डोलायला निघालीच होती. मी ती थांबवली.

"ना... नाही."

"मग काय? चुकतात? यायला उशीर करतात?"

"शेखरबाबू," मंदाकिनीबाई वळून म्हणाल्या, "त्यांचं वाक्य संपलं नाही."

शेखरबाबूंनी मला बोलायची खूण केली. खाली रस्त्यावर कोणी हॉर्न वाजवत होतं.

"यांचं... सगळ्यांशी ज... जमतं. आम्ही हसायचो, कारण आम्हाला भी... भीती वाटायची. या हसल्या नाहीत. एवढाच यांचा गु... गुन्हा."

बराच वेळ लागला. कोणीही शब्द पुरवला नाही. मी खाली बसलो.

मग कंपोझिंगवाले शामराव उठले. "माझ्या लंगडण्याचीही नक्कल होते, साहेब." आणि दारातून शेवंताबाई म्हणाल्या, "मले 'ए झाडू' म्हणतात. माझं नाव शेवंता आहे."

यशदीप मान खाली घालून बसला होता. शेखरबाबूंनी पेन बंद केलं. "मीही ऐकून हसलो आहे," ते म्हणाले. मंदाकिनीबाई राहिल्या. टेबल जागेवर आलं. यशदीपने एकेकाची माफी मागितली आणि माणसांवरचा कारभार त्याच्याकडून गेला. पुढच्या आठवड्यात तो माझ्यापाशी मुद्रितं घ्यायला आला. मी "पा... पा..." करत होतो, आणि तो छताकडे पाहत, अवघडून, पण 'पान' पूर्ण होईपर्यंत उभा राहिला.

त्याच संध्याकाळी जिन्यात मंदाकिनीबाई म्हणाल्या, "पत्राचं उत्तर नाही आलं."

"सो... सोमवारी दिलं की."

"ते पहिल्याचं."

"दु... दुसऱ्याचं आत्ता सां... सांगू?"

"अहं. लेखी. बोलता बोलता तुम्ही स्वतःलेच नापास करून टाकाल. मी तुम्हाले ओळखून आहे."

"आणि नाही लि... लिहिलं तर?"

"तर मी वाट पाहीन," त्या म्हणाल्या, आणि चष्मा वर सरकवला. "त्यात मी पटाईत आहे... काहून, माहीत नाही का तुम्हाले?"

त्या रात्री मी एकही कागद फाडला नाही. तीन ओळी लिहिल्या. सदर बाजारातला एक लिफाफा अजून शिल्लक होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर आम्ही एकाच रिक्षाने तात्यापाऱ्यात उतरलो. चौकातल्या टपालपेटीशी मी पाकीट काढलं. त्यावर त्यांचंच नाव होतं. त्यांनी ते नाव वाचलं आणि पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या.

पाकीट अर्धं आत गेलं, आणि माझा हात अडला. माझे शब्द अडतात, अगदी तसाच. माझ्यात काय आहे, यांना माझी सोबत किती दिवस गोड लागेल... सगळं त्या फटीशी येऊन थांबलं. दुसरं कोणी असतं तर हसून ते पाकीट आत ढकललं असतं.

मंदाकिनीबाईंनी हात पुढे केला नाही. बसची वाट पाहावी तशा, सहज, त्या उभ्या होत्या.

मी पाकीट सोडलं.