मुका पडदा

"आमचे हे कामावर झोपले होते की नव्हते, एवढंच मला सांगा," ती बाई म्हणाली. "संध्याकाळी नोकरी जाणार आहे. त्याआधी मला कळायला हवं."

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. खाजगी तपास हा त्यांचा धंदा, आणि निवृत्तीनंतर त्यांच्या मागे फिरणं हा त्यांच्या धाकट्या दिराचा, म्हणजे भाऊजींचा.

बाईंचा नवरा मत्स्यबीज केंद्रात टाक्यांवर लक्ष ठेवायचा. परवा एका टाकीतला ऑक्सिजन घटला आणि सगळी पिल्लं मेली. पडद्यावर धोक्याच्या ओळी होत्या, त्यांवर पिल्लं मरण्याच्या बऱ्याच आधीच्या, भर दुपारच्या वेळा होत्या. समोर बसलेल्या माणसाला त्या दिसल्या नाहीत, म्हणजे स्वारीने डुलकी काढली, असा मालकांचा सरळ हिशेब होता.

"येताना थोडं पाणी उकळून, गार करून, झाकून आणा," वहिनी भाऊजींना म्हणाल्या. भाऊजींना वाटलं, वहिनींचा घसा धरला असावा.

केंद्रात नवरा टाकीपाशी उभा होता. डोळे सुजलेले, पण बोलणं स्वच्छ.

"पडदा गप्प होता. मग सगळ्या ओळी धबाधबा एकदमच आल्या. घंटाही तेव्हाच वाजली. मी धावलो, पण उशीर झाला होता."

"हल्ली काही बदललं होतं?"

"पूर्वी सारखं 'ठीक आहे, ठीक आहे' यायचं. डोळे शिणायचे. मीच म्हटलं, धोका असेल तेव्हाच बोलू दे. मागच्या आठवड्यात तसं करून दिलं."

करून देणारा होता मालकांचा भाचा. त्याने समजावलं: छोटा प्रोग्राम पाण्यातल्या कांडीवरून ऑक्सिजन मोजतो. मोठा प्रोग्राम त्या छोट्याला कामाला लावतो, त्याच्या ओळी पडद्यावर दाखवतो आणि घंटा वाजवतो.

"बदलल्यावर तपासलात?"

"म्हणजे काय!"

"मग दाखवा. या पाण्यात. उकळल्याने यातला ऑक्सिजन गेलाय."

भाच्याने छोटा प्रोग्राम स्वतः चालवला. कांडी बुडताच धोक्याच्या ओळी एकेक करून उमटू लागल्या. भाऊजींनी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला. बिचारी बाई, त्यांना वाटलं.

मालकांनी त्या दुपारचा पडदा फोनमध्ये टिपून ठेवला होता. वहिनी शेवटच्या ओळीपाशी थांबल्या. तिथे फक्त 'ऑक्सिजन क' एवढंच होतं.

"हे अर्धवट का?"

"यंत्रच ते," मालक म्हणाले. "अडखळलं असेल."

"आता रोजच्यासारखं चालवा," वहिनींनी भाच्याला सांगितलं. "मोठ्यातून. कांडी याच पाण्यात. आणि मालक, तुम्ही बसा या खुर्चीत."

मालक बसले. पडदा कोरा. भाच्याने तारा चाचपल्या, सगळं जागच्या जागी होतं. मालक पुढे वाकले, पार नाक टेकेपर्यंत.

"झोप लागली का हो?" वहिनींनी विचारलं.

मालक मागे सरकून बसले.

"छोट्यासमोर माणसाचा पडदा असला, की तो प्रत्येक ओळ लगेच देतो," वहिनी म्हणाल्या. "पण ऐकणारा दुसरा प्रोग्राम असला, की ओळी पोत्यात साठवतो आणि पोतं भरलं की एकदम ओततो. कोणी वेगळं सांगितलं नाही, तर हीच त्याची रीत."

"मग इतके दिवस कसं चाललं?" भाऊजींनी विचारलं.

"तेव्हा तो बडबड्या होता, भाऊजी. पोतं पटापट भरायचं. मितभाषी केला आणि भरायला वेळ लागू लागला. ओळीवरची वेळ ती मोजल्याची, पोचल्याची नव्हे. आणि पोतं काही वाक्य संपायची वाट बघत नाही. जिथे भरलं, तिथे शब्द तुटला. त्या तुटक्या शब्दानेच मला सांगितलं, की यांनी पाहिलं ते खरं होतं."

भाच्याचा चेहरा उतरला. "मामा, चूक माझी. मी हाताने चालवून पाहिला, मोठ्यातून नाही. ओळ आली की लगेच सोड, एवढं लिहायचं राहिलं."

मालक खुर्चीतून उठले. "मी तुम्हाला नाही नाही ते बोललो," ते नवऱ्याला म्हणाले. "माफ करा. ही जागा तुमचीच आहे."

नवरा मात्र बायकोकडे बघत होता. "यांना तू बोलावलंस. म्हणजे तुलाही संशय आला होता."

त्याला लागलं होतं, पण तिने काही लपवलं नाही.

"आला होता," ती म्हणाली. "नुसता विश्वास ठेवून घरी बसले असते, तर आत्ता दोघं मिळून रडलो असतो."