तिथं त्यांची माणसं जेवतात

कचेरीत त्याला सगळे चाखणे म्हणत. आडनाव वाटावं असं ते टोपणनाव होतं, आणि नव्यानं लागलेल्या मुलांना तर ते आडनावच वाटे. शहरातल्या परमुलखी खाणावळींवर तो वर्तमानपत्रात दर आठवड्याला लिहायचा. दाराशी गणवेशातला माणूस कमरेत वाकून स्वागत करत असेल, किंवा भिंतीवर त्यांच्या देशातले डोंगर आणि नाचणाऱ्या बायका टांगलेल्या असतील, तर तो उंबऱ्यावरूनच काढता पाय घेई. त्याची परीक्षा साधी होती. काचेतून आत बघायचं. तिथं त्यांची स्वतःची माणसं जेवतायत का? मान खाली घालून, जेवणाबद्दल एक शब्दही न बोलता जेवतायत का? मग आत जायचं.

आणि जायचं ते बायकोबरोबर. ती शाळेत चित्रकला शिकवायची आणि तिची जीभ, सर्व अर्थांनी, त्याच्याहून तल्लख होती. दोघं दोन वेगळ्या गोष्टी मागवत आणि ताटाच्या पलीकडच्या कडेपासून खात येत. निम्मं झालं की ताटांची अदलाबदल. त्याआधी प्रत्येकानं आपलं ताट अर्धं फिरवायचं, म्हणजे खाल्लेली बाजू आपल्याकडे येते आणि शाबूत बाजू समोरच्याला मिळते. ही सवय लग्नाच्याही आधीची. तेव्हा तिनं ताट असं फिरवून पुढे सरकवलं होतं आणि पुढचं सगळं त्यातच ठरून गेलं होतं.

पावसाळ्यानंतर ती शाळेच्या जिन्यावरून घसरली आणि तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला.

"माझ्याशिवाय नवीन जागी जायचं नाही," तिनं पलंगावरून फर्मावलं. "जुन्यांवर लिहा."

"जुन्यांवर काय लिहू?"

"तुमची नातवंडं असल्यासारखं लिहिता त्यांच्याबद्दल. लिहा की परत."

त्यानं कबूल केलं. दोन-तीन आठवडे ते पाळलंही. मग संपादक म्हणाले की हे आधी वाचल्यासारखं वाटतंय, चाखणे, आणि तो एका दुपारी एकटाच बाहेर पडला.

गल्ली कागदाच्या ठोक दुकानांची होती. दुपारी तिथं हातगाड्या उलट्या करून माणसं त्यांच्या सावलीत पडलेली असतात. गल्लीच्या टोकाला एक लाँड्री होती. तिच्या दारातून पांढरी वाफ बाहेर येऊन फूटपाथवर पसरत होती. लाँड्रीच्या बाजूनं एक लाकडी जिना वर जात होता. पाटी नव्हती. त्याच्या पुढून एक माणूस बाह्या दुमडत त्या जिन्यानं वर गेला, आणि चाखणे थबकला तो त्याच्या चालण्यामुळे. हॉटेलात जाणारा माणूस असा जिना चढत नाही. घरी येणारा चढतो.

वर दाराला काच होती, पण ती धुक्यासारखी पांढरी झालेली. त्यानं रुमालानं पुसून पाहिली. धुकं आतल्या बाजूला होतं. त्यातून एवढंच दिसलं की टेबलांवर माणसं बसली आहेत आणि सगळ्यांच्या माना खाली आहेत.

तो आत गेला.

खोली लांबट, बुटक्या छताची. खालच्या इस्त्र्यांमुळे जमीन कोमट होती आणि ती ऊब बुटांतून हळूहळू वर चढायची. फळ्यांच्या फटींतून थोडी वाफ येत होती, तिच्यात साबणाचा आणि तापल्या सुताचा वास. खिडक्यांतून येणारा उजेड दुधात मिसळल्यासारखा. भिंतीवर काहीही टांगलेलं नव्हतं, याची त्यानं समाधानानं नोंद घेतली. वाढणारी एकच बाई होती. तिनं काय हवं ते विचारलं नाही. खोलगट ताट आणून ठेवलं.

पहिल्या घासाला काहीच चव लागली नाही. दुसऱ्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण काय ते कळलं नाही. धुराचा किंचित वास, मागून कच्च्या फळासारखा आंबटपणा, आणि त्याच्याही मागे एक चव, जिच्यासाठी इतक्या वर्षांच्या लिखाणात त्यानं कधी शब्द वापरला नव्हता. हे समुद्राकाठचं जेवण असावं असं त्याला वाटलं. ताट संपेपर्यंत वाटायला लागलं की डोंगरातलं.

मग त्यानं माणसं पाहिली. एकाचा चेहरा दुसऱ्याशी जुळत नव्हता. रंग वेगळे, नाकं वेगळी. पण घास मोडण्याची पद्धत एक होती. ती आपसांत हळू बोलत होती. भाषा त्यानं पूर्वी ऐकली नव्हती. शेजारचा म्हातारा मधेच जेवण थांबवून छातीवरचा खिसा चाचपे, जणू चष्मा शोधतोय.  शर्टाला खिसाच नव्हता. पलीकडे हिरव्या स्वेटरमधल्या एका बाईनं शेजारची खुर्ची बाहेर ओढली आणि तिची पाठ क्षणभर घट्ट धरून ठेवली, लहान मूल चढताना खुर्ची कलंडू नये म्हणून धरतात तशी. मग ती आपल्या हाताकडे पाहत राहिली आणि पुन्हा जेवायला लागली.

यांच्याकडचा काहीतरी रिवाज असावा, त्यानं मनात टिपून ठेवलं.

निघताना त्यानं वाढणाऱ्या बाईला विचारलं, "हे जेवण कुठलं?"

"इथलं."

"तसं नाही. मूळ कुठलं? ही सगळी मंडळी कुठली?"

बाईनं खोलीवरून एकदा नजर फिरवली. "ते आता कुणाला आठवतंय," ती म्हणाली.

घरी बायको उशीवर टेकून शाळेतल्या मुलांची चित्रं तपासत बसली होती. "कुठं जेवलात?"

"कँटीनला."

तिनं त्याची बाही जवळ ओढून हुंगली. "कँटीनमध्ये इस्त्रीपण करून देतात वाटतं."

तो हसला. खरं सांगायला तीच वेळ होती. ती बरी झाली की तिला नेऊन चकित करू, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि वेळ गेली.

तो पुन्हा गेला. मग दुपार झाली की पाय आपोआप तिकडे वळायला लागले. तिथं आता कुणी त्याच्याकडे वळून बघत नसे. भिंतीकडची एक जागा त्याची झाली होती. घरी रात्रीचं जेवण मात्र ओल्या कागदासारखं लागे. बायको काठीवर रेलून, एका पायावर उभी राहून स्वयंपाक करायची, आणि तो समोर बसून मीठ घालायचा, परत घालायचा.

"मिठाचा डबा मांडीवरच घेऊन बसा ना," ती म्हणाली. "सारखं हात लांब करायला नको."

निम्मं जेवण झाल्यावर तिनं सवयीनं ताट अर्धं फिरवलं आणि पुढे सरकवलं. तो जेवत होता. थोडा वेळ ते ताट तसंच मधे राहिलं. मग तिनं ते परत ओढून घेतलं. त्यावर ती काही बोलली नाही, आणि ती बोलली नाही हे त्याच्या लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी, जिना चढताना.

त्या जागेवरचा लेख त्यानं एका बैठकीत लिहून दिला. उपसंपादक तो हातात घेऊन त्याच्या टेबलाशी आला.

"चाखणे, चव आली, माणसं आली. खुर्ची धरून ठेवायचा रिवाज तर झकासच आहे. पत्ता कुठाय?"

"राहिला वाटतं. देतो."

"तुझा पत्ता राहतो? आणि ही शेवटची ओळ कळली नाही. कुठली भाषा ही?"

"न कळण्यासारखं काय आहे त्यात? सोपी तर आहे." त्यानं ती वाचून दाखवली.

उपसंपादक त्याच्याकडे बघत राहिला. "परत वाच," तो म्हणाला.

त्यानं परत वाचली. शेजारच्या टेबलावरची टंकलेखिका हात थांबवून बघायला लागली. उपसंपादकानं ती ओळ खोडली.

पत्ता त्यानं दिलाच नाही. लेख छापून आल्यावर काय होतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आधी बाहेरची माणसं येतात, कुतूहलानं, दबकत. मग ती फोटो काढतात. मग भिंतीवर डोंगर टांगले जातात, आणि एक दिवस त्यांची स्वतःची माणसं यायची बंद होतात. जागा बिघडते. लेख तसाच खणात पडून राहिला.

प्लास्टर निघालं त्या शनिवारी बायको काठी टेकत स्वयंपाकघरापर्यंत आली आणि खुर्चीवर बसली.

"उद्या मला तिथं न्या."

"कुठं?"

"जिथं तुमचे शर्ट उकडून निघतात तिथं."

त्याला उत्तर द्यायचं होतं. शब्द होते, पण चाचपडावं लागत होतं, परक्या घरात दिव्याचं बटण शोधावं तसं.

"अहो, जागेचं मला काही नाही," ती म्हणाली. "एकटे गेलात, खोटं बोललात, तेही एकवेळ सोडा. पूर्वी तुम्ही घरी यायचात. आता नुसते परत येता. त्याची मला भीती वाटते."

ती असं कधी बोलत नसे. त्याला तिचा हात धरावासा वाटला आणि त्यानं तो धरला. हात गार होता. किंवा त्याचा हल्ली जास्त कोमट असायचा.

"नेतो," तो म्हणाला. "कागदवाल्यांच्या गल्लीत, टोकाच्या लाँड्रीच्या वर आहे. उद्या दुपारी. नक्की."

"ताट बदलायचं."

"बदलू."

रविवारी ती आंघोळीला गेली तेव्हा त्याच्या मनात आलं की सुटीच्या दिवशी जागा बंद असली तर तिला उगाच दुखऱ्या पायानं जिना चढावा लागेल. आधी बघून येऊ. "आलोच," त्यानं बाहेरून सांगितलं. ती आतून काहीतरी म्हणाली. पाण्याच्या आवाजात ते कळलं नाही.

कागदाची दुकानं बंद होती. लाँड्री चालू होती. जिन्याचा कठडा हाताला ओळखीचा लागला.

उघडं आहे, आता परत जाऊन तिला घेऊन येऊ, असं म्हणत तो दारातच उभा होता, तेवढ्यात बाईनं भिंतीकडच्या त्याच्या जागेवर ताट आणून ठेवलं. निवलं असतं. तो बसला. चार घास खाऊन निघू.

आज चव अगदी नीट लागत होती. त्या मागच्या चवीला शब्द होता, साधा रोजचा शब्द. शेजारच्या म्हाताऱ्यानं तो उच्चारला आणि त्यानं मान हलवली. हिरव्या स्वेटरमधल्या बाईनं काहीतरी गंमत सांगितली. तोही हसला. फटींतून वाफ वर येत होती. खिडकीतला उजेड दुधाळ झाला होता, आणि खालून इस्त्र्यांचा धपधप आवाज येत होता, झोपेत ऐकू यावा तसा.

कुठंतरी परत जायचं होतं. असेल. जेवण झाल्यावर आठवेल.

दाराची काच कुणीतरी बाहेरून पुसली.

बाहेरचं माणूस, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. धुकं आतल्या बाजूला असतं हे इथल्या माणसांना ठाऊक आहे.

एक बाई आत आली. हातात काठी होती, आणि जिन्यानं तिला दम लागला होता. केस ओलेच बांधलेले. तिनं सगळ्या खोलीवरून नजर फिरवली, मग थेट येऊन त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसली. जागा रिकामी होती, पण असं कुणी करत नाही.

ती बोलायला लागली. भाषा त्याच्या ओळखीची नव्हती. आवाज मात्र छान होता, उतारावरून पाणी जावं तसा. त्यात दोन अक्षरांचा एक आवाज ती पुन्हा पुन्हा काढत होती. पहिलं अक्षर तोकडं, दुसरं ओढलेलं. हाक असावी. त्यानं मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

तो तिच्याकडे पाहून हसला. पाहुण्याशी जेवढं हसावं तेवढं.

तिनं काठी टेबलाला टेकवून ठेवली.

वाढणाऱ्या बाईनं तिच्यासमोर ताट ठेवलं. ती बराच वेळ ताटाकडे आणि त्याच्याकडे बघत होती. मग ती जेवायला लागली. घास मोडण्याची तिची पद्धत वेगळी होती. तिचे डोळे भरून आले होते. वाफेनं नवख्यांचे भरतात.

निम्मं झालं आणि ती थांबली.

तिनं आपलं ताट दोन्ही हातांनी धरलं. अगदी हळू ते अर्धं फिरवलं. शाबूत बाजू त्याच्याकडे आली. मग ते टेबलावरून त्याच्यासमोर सरकवलं आणि हात तसेच कडेवर ठेवले.

त्याला ते जरा विचित्र वाटलं. त्यांच्याकडचा काहीतरी रिवाज असावा. तिला वाईट वाटू नये म्हणून त्यानं मान लववली, आणि तळव्यानं ते ताट अलगद परत तिच्याकडे ढकललं.

ती आणखी थोडा वेळ बसली. मग उठली. काठीचा आवाज जिन्यावरून खाली गेला, पायरीपायरीनं, आणि इस्त्र्यांच्या आवाजात मिसळला.

बाहेरची माणसं यायला लागली, त्याच्या मनात आलं. बाईला सांगायला हवं. अशानं जागा बिघडतात.

त्यानं घास घ्यायला हात खाली नेला. तो नुसत्या टेबलाला लागला.

त्याचं ताट टेबलाच्या मधोमध होतं. अर्धं फिरलेलं, शाबूत बाजू समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे. त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं नसलेला खिसा चाचपला, मग हात लांबवून ते ताट त्याच्याकडे ओढून दिलं, आणि दोघंही मान खाली घालून जेवायला लागले.