निंबाचे न भरलेले दिवस

"मन्हा मालकना दिन कोनी खादात, ताई?"

माझ्या नवऱ्याचे दिवस कोणी खाल्ले, असे कमलबाईने खुर्चीवर न बसताच अहिराणीत विचारले. खासगी तपास करणाऱ्या मोहिनी भारंबे यांनी तिला बसवले; त्यांचा मदतनीस लीलाधर याने वही उघडली.

तिचा नवरा निंबा जळगावच्या एका डाळमिलमध्ये कामाला होता. फुप्फुसाच्या दुखण्याने त्याने अंथरूण धरले, तेव्हा कामगार विम्यातून आजारपणाचा भत्ता मागितला. उत्तर आले, हप्ता कापलेले दिवस कमी भरतात. भत्ता नाकारला गेला. थोड्याच दिवसांत निंबा गेला.

"एक दिवस घरी बसले नाहीत हो! रोज डबा घेऊन निघायचे. घरखर्चाला कधी कमी पडू दिलं नाही. हजेरी लावतो तो मुकादम रमजान. त्याच्यावर उद्या पोलिसात तक्रार करते."

मोहिनीबाई तिच्या घरी गेल्या. खुंटीवर निंबाचा कामाचा शर्ट होता. खांद्यावर तपकिरी-काळे डाग.

"मशीनचं तेल," कमलबाई म्हणाली. "किती घासलं, निघालं नाही. बाकी शेवटी शेवटी कपडे बरेचदा स्वच्छच असायचे."

"माहेर कुठलं तुमचं?"

"सोनगीर, धुळ्याजवळ."

लीलाधरही धुळ्याकडचाच. त्यालाही ते डाग तेलाचेच वाटले.

मिलमध्ये शिरल्यावर तो पाहता पाहता डाळीच्या धुळीने डोक्यापासून पायांपर्यंत पिवळा झाला, शिंकून बेजार झाला. कारकून हितेंद्र म्हणाला, "मुकादम सांगतो ती हजेरी मी चढवतो. गैरहजर दिवसाचा पगार नाही, हप्ताही नाही."

रमजानने मान वर केली नाही. "निंबा आला नाही त्या दिवशी हजेरी लावली नाही. पुढचं विचारू नका."

"पोलीस येतील," लीलाधरने दम दिला.

"येऊ द्या."

"हाच चोर!" बाहेर येताच लीलाधर म्हणाला.

संध्याकाळी मोहिनीबाईंनी रमजानला कमलबाईच्या घरी बोलावले.

"लीलाधर, मिलमध्ये जरा वेळ थांबलास आणि पिवळा झालास. मग निंबाचे कपडे स्वच्छ कसे? ज्या दिवशी कपडे स्वच्छ, त्या दिवशी तो मिलमध्ये नव्हताच. पगार कापला जात होता, तरी घरात पैसे येत होते. म्हणजे दुसरीकडे राबत होता. कुठे, ते शर्ट सांगतो. मी सावद्याची, केळीच्या पट्ट्यातली. केळीचा चीक मी लहानपणापासून धुतलाय. तो निघत नाही. खांद्यावर घड वाहिल्याचे डाग आहेत ते. खरं ना, रमजानभाई?"

रमजानने होकारार्थी मान हलवली.

"मिलच्या धुळीत त्याचा जीव कोंडायचा. फार त्रास झाला की सावद्याला ट्रक भरायला जायचा, मोकळ्या हवेत. वहिनींना कळलं तर त्या नोकरी सोडायला लावतील, मग विमाही जाईल, ही भीती. नोकरी आहे तोवर विमा आहे, एवढंच त्याला ठाऊक. दिवस भरावे लागतात, हे आम्हा दोघांनाही उशिरा कळलं. मी म्हटलं, मागची हजेरी लावून देतो. त्यानं माझा हात धरला. पकडला गेलास तर तुझ्या पोरीचं, आबेदाचं काय, म्हणाला. आणि वहिनींना सांगायचं नाही, अशी शपथ घातली."

कमलबाईने खुंटीवरचा शर्ट काढून हातात घेतला. मग हलकेच म्हणाली, "भाऊ, तिथं त्यांना बरं वाटायचं?"

"हो वहिनी. तिथं खोकला कमी यायचा. घड उचलताना गाणी म्हणायचा."

"घरी कधी म्हटली नाहीत," ती म्हणाली, आणि निंबा गेल्यापासून पहिल्यांदाच रडली.