दुपारी एक ते पाच

यात पांढरी साडी नाही, पैंजण नाहीत, अमावास्यासुद्धा नाही. पैंजण असते तर मामाने निदान ओळखले तरी असते. आवाज ओळखणं हाच त्याचा धंदा.

पण घडलं ते खरं आहे. शनिवार, दुपारचे साडेतीन. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची मागची खोली. खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं.

भर उन्हात घाबरणं मामाला अजूनही कमीपणाचं वाटतं. म्हणून तो हे फारसं कोणाला सांगत नाही.

मामा साउंड रेकॉर्डिस्ट. लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' म्हणणारी बाई त्यानेच रेकॉर्ड केली. फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणणारे गृहस्थही त्याचेच. पंचवीस वर्षं लोकांना प्रतीक्षा करायला लावून तो आता स्वतःच दमला होता. घरी गेल्यावर त्याला कोणाचाच आवाज नको असायचा. बायकोने हे समजुतीने घेतलं होतं. ती बोलायची, फक्त उत्तराची अपेक्षा ठेवायची नाही.

त्यात भाचीचा अल्बम आला.

भाचीला घरात चिमणी म्हणतात. ही चिमणी एका मेटलकोर बँडमध्ये ओरडते. 'गाते' म्हटलं तर तिलाच राग येतो. गिटार करवतीसारखी, ड्रम कोसळणाऱ्या भांड्यांसारखे, आणि त्यावर ही पोटातून ओरडणार. मामाला त्यातला मेटल समजला. कोर अजून समजायचा आहे.

ड्रम झाले, गिटार झाल्या. उरला चिमणीचा आवाज. तो तिने घरीच रेकॉर्ड केला, मागच्या खोलीतल्या कपाटात उभं राहून.

यात वेडेपणा काही नाही. कपाटात कपडे गच्च असले की आवाज घुमत नाही, कापूस पाणी टिपतो तसा टिपला जातो. मोठमोठे लोक करतात. आणि हे कपाट तर दाजींचं होतं. जाड स्वेटर, दोन कोट, चार घोंगड्या.

दाजी म्हणजे मामाच्या ताईचा नवरा, चिमणीचे बाबा. वर्षभरापूर्वी गेले.

दाजींची सगळी नोकरी रात्रपाळीची, पाणीपुरवठ्याच्या पंपघरात. रात्रभर आठ पंपांच्या धडधडीत बसायचे. मग दिवसा त्यांना चमचा पडलेलाही चालायचा नाही. दुपारी एक ते पाच ते झोपायचे आणि घर पायाच्या बोटांवर चालायचं. चिमणी बोलायला शिकली तीच मुळी कुजबुजत. शाळेत बाईंना वाटायचं, पोरीचा घसा नाजूक आहे.

गेलेही असेच. दुपारी. झोपेत.

त्या दिवशीही घर पाचपर्यंत गप्प होतं. चिमणी बाहेरच्या खोलीत पुस्तक वाचत होती. पानसुद्धा हळू उलटत होती. पाच वाजता ताई चहा घेऊन आत गेली.

डॉक्टर म्हणाले, दीड-दोनच्या सुमारास गेले असावेत.

म्हणजे तीन-साडेतीन तास घरातली दोन माणसं एका मेलेल्या माणसाची झोप जपत होती.

अल्बममधलं दहावं, शेवटचं गाणं त्या दुपारचं होतं. त्यात शब्द एकच. 'उठा.'

"नऊ गाणी बँडची आहेत, मामा," चिमणी म्हणाली होती. "हे माझं आहे. त्या दिवशी ओरडले नाही, ते एकदा त्याच खोलीत ओरडायचंय. दुपारीच."

आधीची नऊ गाणी ऑफिस सुटल्यावर, संध्याकाळी झाली होती. काही अडचण आली नव्हती. अडचण म्हणजे खालच्या मजल्यावरच्या काकू. त्या दोनदा वर येऊन, घरात सगळं ठीक आहे ना, असं विचारून गेल्या होत्या.

सोमवारी अल्बम पाठवायचा होता. तारीख जाहीर झाली होती.

आणि गुरुवारी ताईने दाजींचे कपडे देऊन टाकले.

"वर्ष झालं रे," ती फोनवर म्हणाली. "रोज कपाट उघडलं की वास यायचा. किती दिवस?"



शुक्रवारी ऑफिसला दांडी मारून चिमणीने भर दुपारी रिकाम्या कपाटात उभं राहून गाण्याची एक ट्रायल पाठवली. सोबत मेसेज. 'खूप घुमेल. बघ काही होतंय का.'

मामाने हेडफोन लावले.

घुमत नव्हतं.

अजिबात घुमत नव्हतं… आधीच्या नऊ गाण्यांपेक्षाही आवाज कोरडा होता. जणू कपाटात दुप्पट कपडे होते.

आणि हळू होता. चिमणी दूर कुठेतरी, उशीत तोंड खुपसून ओरडत असावी तसा.

त्याने फोन लावला. "चिमणे, कपाटात काय भरलंस?"

"काही नाही. हँगरसुद्धा नाहीत."

"मग हळू का ओरडलीस?"

"हळू?" ती चिडली. "ओरडून माझा घसा बसला, मामा. तू आधी तुझे कान तपासून घे."

मामाने खरंच तपासले. कान ठीक होते. सुटकेचा तेवढाच एक मार्ग होता, तोही बंद झाला.

शनिवारी तो सामान घेऊन ताईकडे गेला. लांब्या, म्हणजे बँडचा गिटारवाला, आधीच येऊन बसला होता. तो इतका उंच होता की त्या घरात सतत माफी मागत असल्यासारखा वाकून वावरायचा.

खोलीत दाजींचा पलंग होता. लोखंडी, जुना. त्यावर गादी नव्हती. समोर उघडं कपाट.

मामाने खोलीच्या मध्यभागी उभं राहून टाळी वाजवली. टाळी भिंतींवर आपटून परत आली. रिकाम्या खोलीत यायला हवी तशीच.

मग तो कपाटात डोकं घालून उभा राहिला. आतलं लाकूड उघडं, कोरडं. बोटांनी चाचपून पाहिलं. त्याने जोरात टाळी वाजवली.

टाळी…

वाजलीच नाही.

तळहात मात्र चुरचुरले.

"काय झालं काका?" लांब्याने विचारलं.

"काही नाही. चांगलं कपाट आहे," मामा म्हणाला. पंचवीस वर्षांत कळत नसलेल्या गोष्टीला चांगलं म्हणायची सवय झाली होती.

साडेतीन वाजले. चिमणी कपाटात उभी राहिली. मामा खुर्चीवर, कानाला हेडफोन, डोळे लॅपटॉपवर. लांब्या दाराशी.

मामाने बोट खाली केलं. चिमणीने श्वास भरला आणि ओरडली.

"उठा!"

पडद्यावरची आवाजाची रेघ उसळली.

दुसऱ्यांदा थोडी कमी उसळली.

तिसऱ्यांदा आणखी कमी… जणू कोणीतरी बटण सावकाश फिरवत होतं. मामाने आपले हात पाहिले. दोन्ही मांडीवर होते.

चौथ्यांदा रेघ हललीच नाही.

वायर निघाली असेल म्हणून मामाने हेडफोन काढले आणि वर पाहिलं.

चिमणी ओरडत होती. गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या, चेहरा लाल झाला होता, तोंड पूर्ण उघडं. सहा फुटांवर.

आवाज नव्हता.

रस्त्यावरचा हॉर्न नाही. बाहेरच्या खोलीतल्या पंख्याची घरघर नाही. स्वतःचा श्वाससुद्धा नाही.

मामाने मागे पाहिलं. लांब्याच्या शेजारी ताई येऊन उभी होती. तिचे डोळे कपाटाकडे नव्हते. रिकाम्या पलंगाकडे होते.

तिने ओठांवर बोट ठेवलं.

एवढ्या शांततेत तिचंच बोलणं तेवढं नीट ऐकू आलं.

"शू… झोपलेत ना ते."

लांब्या म्हणतो, त्यानेही ऐकलं. ताई म्हणते, मी स्वयंपाकघरातून आलेच नव्हते.

चिमणी थांबली. तिने आईकडे पाहिलं, मग पलंगाकडे. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती घाबरलेली नव्हती. ती दमली होती. वीस वर्षं दमावं तशी.

मग ती माइकच्या जवळ गेली. अगदी ओठ टेकतील इतकी. आणि त्या घरात ती जशी बोलायला शिकली होती, तशी बोलली.

"बाबा… उठा ना."

ते स्वच्छ रेकॉर्ड झालं. मामाच्या आयुष्यातलं सगळ्यात स्वच्छ रेकॉर्डिंग.

त्यानंतर चार सेकंद शांतता.

आणि मग…

पलंग करकरला.

एकदाच. लांब. कुशीवर वळून, हात टेकून माणूस उठतो तसा.

त्याबरोबर रस्त्यावरचा हॉर्न आला, पंखा आला, आणि खालून काकूंनी छताला काठीने ठोकलं तेही आलं. काकूंच्या ठोकण्याचा मामाला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

"झालं?" चिमणीने विचारलं.

"झालं," मामा म्हणाला. दुसरा टेक घेऊया असं कोणीच म्हणालं नाही.

घरी जाऊन मामाने ती करकर कापली. मग परत जोडली. का, ते विचारू नये. त्यालाही सांगता येत नाही.

अल्बम ठरल्या दिवशी निघाला. नऊ गाणी आरडाओरड्याची आणि दहावं कुजबुजीचं. जाणकारांनी लिहिलं की बँडने धाडस दाखवलंय. एकाने तर शेवटच्या करकरीच्या आवाजाबद्दल रेकॉर्डिस्टच्या कल्पकतेचं कौतुक केलं. पंचवीस वर्षांतलं पहिलं कौतुक, आणि तेही नको त्या गोष्टीचं.

चिमणी महिन्याभरात वेगळी राहायला गेली, पुलापलीकडे, एका मैत्रिणीबरोबर. "आता मोठ्याने राहणार," म्हणाली.

ताईची मागची खोली बदलली. मामा मुद्दाम जाऊन टाळी वाजवून आला. कपाटातही वाजली, चांगली खणखणीत. ताई आता दुपारी रेडिओ लावते.

"खोली मोकळी वाटते रे," ती म्हणाली. "कोणी गेल्यासारखी."

मामाला बरं वाटलं. गेले असतील दाजी. सुटले बिचारे. पण कुठे गेले, हा प्रश्न त्याला तेव्हा सुचला नाही. दमलेल्या माणसाला इतकं पुढचं सुचत नाही.

परवा चिमणीचा फोन आला. तो सुट्टीचा दिवस होता, ती घरीच होती.

मामा "हॅलो, हॅलो" करत राहिला. पलीकडे लाइन चालू होती. तो फसत नाही यात. तुटलेल्या लाइनची शांतता वेगळी असते. ही जाड होती. लोकरीसारखी.

"चिमणे, मोठ्याने बोल गं. काही ऐकू येत नाहीये."



मग खूप लांबून, उशीत तोंड खुपसल्यासारखा आवाज आला.

"मामा… मी केव्हाची ओरडतेय."

मामाने घड्याळ पाहिलं.

पाच वाजायला अजून दोन तास होते.